पंच्याऐंशीचा उंबरठा: शाळकरी मुलांच्या मानसशास्त्रीय तपासणीची पार्श्वभूमी

मूल नववीत गेलं की अनेक घरांत सरकारी रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची तारीख मिळवण्यासाठी फोनाफोनी सुरू होते. या धावपळीचं मूळ १९९६ मध्ये आहे. त्या वर्षी राज्य सरकारनं अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडखळणाऱ्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मान्य केल्या. त्यांत जादा वेळ होता, लेखनिक होता, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी होती. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घेण्याची मुभाही होती. केंद्राच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत ही अडचण नव्हतीच, म्हणजे महाराष्ट्र दोन पावलं पुढे होता. पण सवलत आली की दाखला आला, आणि दाखला देणारी रुग्णालयं मोजकी, त्यातली ठळक मुंबईत. बीड-गडचिरोलीच्या पालकांनी काय करायचं, हा प्रश्न बराच काळ कुणाला पडला नसावा.

चाचण्या मात्र आपल्याकडे फार आधीपासून होत्या. बिनेच्या बुद्धिचाचणीचं मराठी आणि कानडी रूप १९३० च्या दशकातच तयार झालं. साठच्या दशकात नागपुरात वेक्स्लरच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी ‘मिसिक’ बेतली गेली. ती आजही वापरात आहे.

खरा वाद आहे तो ८५ या आकड्याचा. मुंबईच्या केंद्रांत बुद्ध्यांक ८५ किंवा अधिक असेल तरच अध्ययन अक्षमतेचं निदान, असा प्रघात पडला. ७० च्या खाली गेलं तर बौद्धिक अक्षमता, तिचे लाभ वेगळे. मधल्या पट्ट्यातलं मूल ‘मंदगती’ ठरतं आणि त्याला यातलं काहीच मिळत नाही. सामान्य वितरणाच्या (बहुतेक मुलं सरासरीजवळ, टोकांना थोडी) हिशोबानं हा पट्टा साधारण दर सात मुलांमागे एकाचा आहे. चाळीसच्या वर्गात पाच-सहा जण!

त्यात मिसिकमध्ये काय विचारतात ते पाहा. तोंडी गणितं, ऐकलेले अंक सरळ आणि उलटे म्हणणं, सामान्य माहिती, चिन्हं जुळवून भराभर लिहिणं. वाचन-लेखनात अडखळणारं मूल नेमकं इथेच मार खातं. जे वाचत नाही त्याची माहिती कुठून वाढणार? म्हणजे ज्या अडचणीचा दाखला हवा, तीच अडचण बुद्ध्यांक खाली ओढते आणि दाखल्याची वाट अडवते. शिवाय कुठल्याही बुद्धिचाचणीत चार-पाच गुणांची चूक धरूनच चालायचं असतं, तरी ८४ आणि ८६ मध्ये एका मुलाचं दहावीचं वर्ष अडकतं. अमेरिकन मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेनं २०१३ मध्ये ही सीमा साधारण ७० धरली.

आपल्याकडे उलट झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रकार २१ केले, त्यांत अध्ययन अक्षमता आली आणि सगळ्यांना बरं वाटलं. जानेवारी २०१८ मध्ये तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांत मात्र बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच पुढची तपासणी, असंच लिहिलेलं होतं. काही केंद्रांचा प्रघात असा देशभरचा नियम झाला. त्याच तत्त्वांनुसार आठ वर्षांआधी दाखला नव्हता, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होती, आणि अठराव्या वर्षीचा दाखला कायमचा होता.

भाषेचा घोळ निराळाच. त्या तत्त्वांत निदानासाठी सांगितलेला चाचण्यांचा संच बंगळुरूच्या संस्थेचा आणि मुख्यतः इंग्रजीतला होता; मराठी माध्यमाच्या मुलाची वाचनातली चूक त्यातून कशी पकडणार? हरियाणातल्या एका केंद्रीय संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीत संच आणला खरा, पण तो पहिली ते पाचवीसाठी. रुग्णालयाच्या रांगेत उभी असतात ती नववीची मुलं.