व्हर्जिनियातील वर्णरेषा : १६०७ ते १७०५

जानेवारी १९५९ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील एका न्यायाधीशाने रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या पतिपत्नींना एक वर्षाच्या कैदेची शिक्षा सुनावली आणि पुढील २५ वर्षे दोघांनी एकत्र राज्यात पाऊल ठेवू नये, या अटीवर ती स्थगित केली. पती गोरा आणि पत्नी कायद्याच्या लेखी कृष्णवर्णीय, एवढाच त्यांचा गुन्हा होता. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा एकमताने घटनाबाह्य ठरवला, तेव्हा असे कायदे १६ राज्यांत लागू होते. या निकालाची चर्चा सहसा विसाव्या शतकातील नागरी हक्कांच्या लढ्याच्या संदर्भात होते आणि ते योग्यच आहे. परंतु लग्न केले म्हणून माणसाला आपल्या मुलखातून घालवून देण्याची ही रीत कुठून आली, हे समजून घ्यायचे तर व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती, त्या काळाच्या पहिल्या १०० वर्षांकडे जावे लागते.

१६०७ मध्ये जेम्सटाउन वसले, ते लंडनमधील व्यापारी कंपनीच्या नफ्यासाठी. उपासमारीत गेलेल्या पहिल्या वर्षांनंतर जॉन रॉल्फने लावलेल्या तंबाखूने वसाहतीला तारले, आणि पुढच्या सगळ्या संघर्षांचे मूळही याच पिकात आहे. तंबाखू तीन-चार हंगामांत जमिनीचा कस ओढून घेतो, म्हणून सतत नवी जमीन लागते. रोपे लावण्यापासून पाने खुडून वाळवण्यापर्यंत हातही पुष्कळ लागतात. कंपनीने १६१८ मध्ये या दोन गरजा एकमेकींना बांधून टाकल्या. जो स्वतःच्या खर्चाने माणूस समुद्रापार आणेल, त्याला माणशी ५० एकर जमीन मिळू लागली. ज्याच्याकडे पैसा होता त्याला मजूर मिळाले आणि त्याच मजुरांच्या डोक्यांमागे जमीनही मिळाली.

हे मजूर प्रामुख्याने इंग्लंडमधील गरीब तरुण होते. प्रवासभाड्याच्या बदल्यात त्यांना साधारण चार ते सात वर्षे राबावे लागे. त्यांचा करार एका मालकाकडून दुसऱ्याला विकता येई, मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना लग्न करता येत नसे आणि पळून गेल्यास मुदत वाढे. ऑगस्ट १६१९ मध्ये पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकी माणसे उतरवली गेली. पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेल्या या माणसांचा अन्नधान्याच्या बदल्यात सौदा झाला. त्याच्या काही आठवडे आधीच, ३० जुलै रोजी, वसाहतीची पहिली प्रतिनिधी सभा भरली होती. त्या वेळी व्हर्जिनियात गुलामगिरीचा कायदा नव्हता. अँथनी जॉन्सन या आफ्रिकी माणसाने मुक्त होऊन १६५१ पर्यंत २५० एकर जमीन मिळवली, हे त्यामुळेच शक्य झाले. मात्र हा काळ समतेचा होता, असे मानणे चुकीचे ठरेल. १६४० मध्ये तीन नोकर पळाले आणि पकडले गेले. त्यांतील दोघा युरोपीयांची मुदत चार वर्षांनी वाढली, तर जॉन पंच या कृष्णवर्णीयाला आयुष्यभराची चाकरी सुनावण्यात आली.

एलिझाबेथ की हिचा खटला माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा आहे. तिचे वडील इंग्रज आणि आई आफ्रिकी. वडिलांचा दर्जा अपत्याकडे येतो हा इंग्लंडचा जुना संकेत, तिचा झालेला बाप्तिस्मा आणि ठरलेली मुदत उलटून गेल्याची वस्तुस्थिती, या तीन आधारांवर तिने १६५६ मध्ये स्वातंत्र्य मिळवले. सभेने पुढच्या काही वर्षांत यांतील पहिले दोन आधार काढून घेतले. १६६२ च्या कायद्याने अपत्याचा दर्जा आईवरून ठरू लागला. म्हणजे गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मालकाचे स्वतःचे मूलही त्याची मालमत्ता झाले. १६६७ मध्ये बाप्तिस्म्याने गुलामाची सुटका होत नाही, असे ठरले. १६६९ मध्ये तर शिक्षा देताना गुलाम मेला तर तो गंभीर गुन्हा मानू नये, असे लिहिले गेले, कारण आपलीच मालमत्ता कोणी द्वेषाने नष्ट करणार नाही, हा त्यामागचा तर्क होता. मनुष्यवधाला हिशेबाची भाषा लावणारे हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात शिरले, तेव्हा ज्या बंडाला पुष्कळदा वर्णभेदाचे कारण मानले जाते, ते अजून सात वर्षे दूर होते.

ते बंड १६७६ मध्ये झाले. गव्हर्नर विल्यम बर्कली यांनी १६६१ नंतर सभेची सार्वत्रिक निवडणूकच घेतली नव्हती आणि १६७० मध्ये मताधिकार जमीन व घर असलेल्यांपुरता आखडला होता. तंबाखूचा भाव पडलेला होता आणि इंग्लंडच्या नौकानयन कायद्यांमुळे माल इतर देशांना थेट विकता येत नव्हता. करार संपवून बाहेर पडलेल्या गोऱ्या नोकरांना नदीकाठची चांगली जमीन उरली नव्हती, आणि पलीकडचा मुलूख १६४६ च्या तहाने मूळ रहिवाशांसाठी राखलेला होता. १६७५ मध्ये वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात डुकरांवरून झालेल्या एका भांडणातून रक्तपात सुरू झाला. बोलणी करायला आलेल्या सस्क्वेहॅनॉक या मूळ रहिवासी जमातीच्या प्रमुखांनाच ठार मारण्यात आल्यावर तो आवरेनासा झाला. बर्कली यांनी गढ्या बांधायचे ठरवले, त्यासाठी कर लावला आणि रोष आणखी वाढला.

नॅथॅनियल बेकन या श्रीमंत, नुकत्याच आलेल्या तरुणाने या रोषाचे नेतृत्व घेतले. १९ सप्टेंबर १६७६ रोजी त्याने जेम्सटाउन जाळले आणि २६ ऑक्टोबरला तो आजाराने मेला. पुढे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्याला १७७६ चा पूर्वसूरी ठरवले. हा गौरव मला मान्य नाही, कारण बेकनची पहिली मागणी मूळ रहिवाशांविरुद्ध सरसकट युद्धाची होती, आणि मूळ रहिवाशांपैकीच ज्या ऑकनीची जमातीने त्याला मदत केली त्यांच्यावरच तो उलटला. पामंकी या दुसऱ्या जमातीच्या लोकांनाही त्याने सोडले नाही. त्यांची राणी कॉकाकोस्की हिने १६७७ मध्ये जो तह केला, त्यानुसार तिचे वंशज आजही दरवर्षी गव्हर्नरला शिकारीची भेट देतात.

तरीही या बंडाचा शेवट विसरता येत नाही. १६७७ च्या आरंभी शस्त्रे खाली ठेवण्यास नकार देणाऱ्या अखेरच्या तुकडीत सुमारे ८० आफ्रिकी आणि २० इंग्रज नोकर एकत्र होते. बर्कली यांनी २३ बंडखोरांना फाशी दिली.

या एकजुटीला घाबरून जमीनदारांनी वर्णभेद निर्माण केला, असे पुष्कळदा सांगितले जाते. १६४० चा निकाल आणि १६६० च्या दशकातील कायदे पाहता हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये मजुरी सुधारल्याने तिथून येणारे नोकर कमी होत होते, आणि १६९८ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी संपल्यावर गुलामांचा व्यापार खुला झाला. परंतु बंडानंतरच्या कायद्यांचा रोख गरीब गोरा आणि गुलाम यांना एकमेकांपासून तोडण्याकडे होता, याविषयी मला शंका नाही. १६८० मध्ये कृष्णवर्णीयांना शस्त्र, अगदी सोटाही, बाळगण्यास मनाई झाली. १६९१ मध्ये आंतरवर्णीय लग्नाला बंदी आली. असे लग्न करणाऱ्या गोऱ्या व्यक्तीला तीन महिन्यांत कायमचे हद्दपार करावे, असे त्यात म्हटले होते. १९५९ च्या शिक्षेचे मूळ ते हेच.

१७०५ मध्ये हे सारे एका संहितेत बांधले गेले. तिच्यानुसार करार पूर्ण करणाऱ्या पुरुष नोकराला निरोप देताना मालकाने १० बुशेल मका, ३० शिलिंग आणि एक बंदूक द्यायची होती. त्याच संहितेने गुलामांनी स्वतः पाळलेले घोडे, गाईगुरे आणि डुकरे जप्त करून विकण्याचा आणि ते पैसे चर्चच्या हद्दीतील गरिबांना वाटण्याचा हुकूम दिला.