संरचनात्मक रंगांचे लेसर मुद्रण

शाई किंवा रंगद्रव्य न वापरता, लेसरच्या उष्णतेने पृष्ठभागाची सूक्ष्म रचना बदलून रंग उमटवण्याचे तंत्र. रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. संरचनात्मक रंग मात्र पातळ थरांवर किंवा अतिसूक्ष्म नक्षीवर होणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून (लाटा एकमेकींत मिसळून काही रंग ठळक, काही क्षीण होणे) आणि विवर्तनातून (नक्षीवरून प्रकाश वळून पसरणे) दिसतो. मोरपिसाचा रंगही असाच संरचनात्मक असतो : ते पाण्यात भिजले की रंग हरपतो, हे रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्येच नोंदवले होते.

यातला सर्वांत साधा प्रकार पोलादावर दिसतो. स्टेनलेस स्टीलवरून लेसरचा झोत फिरवला की तापलेल्या भागावर ऑक्साइडचा पारदर्शक थर चढतो. झोत सावकाश फिरला की उष्णता जास्त मिळते आणि थर जाड होतो. जाडी काही दशक नॅनोमीटरने (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) वाढली, तरी सोनेरी छटा जांभळी आणि पुढे निळी होते. म्हणजे एकाच यंत्राने, केवळ वेग बदलून, वेगवेगळे रंग मिळतात. मात्र अशा रंगीत भागाची गंजरोधकता कमी होऊ शकते. जाहिरातीत हे सहसा सांगितले जात नाही.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ च्या सुमारास वेगळी वाट धरली. प्लॅस्टिकवर साच्याने नॅनोस्तंभ (अतिसूक्ष्म खांब) उठवायचे, त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा द्यायचा आणि लेसरच्या क्षणिक स्पंदाने तो वितळवून त्याचा आकार बदलायचा. आकार बदलला की रंग बदलतो. यातून इंचाला १,२७,००० ठिपके इतकी सूक्ष्मता साधली. चांदी-सोन्याऐवजी ॲल्युमिनियम वापरल्याने खर्च उतरला, पण मूळ साचा बनवणे अजूनही महागच.

म्हणून लक्ष सेल्युलोजकडे वळते. लाकडाच्या लगद्यापासून किंवा कापसापासून मिळणारे सेल्युलोजचे नॅनोस्फटिक पाण्यात मिसळून वाळवले, की ते आपोआप सर्पिल थरांत रचले जातात आणि रंगीत पापुद्रा तयार होतो. इथे साचा लागतच नाही. अडचण लेसरच्या उष्णतेची आहे : मात्रा थोडी चुकली तरी सेल्युलोज कोळपते आणि रंगाऐवजी काळा डाग उरतो. शिवाय ओलाव्याने पापुद्रा फुगतो, थरांतील अंतर वाढते आणि रंग तांबड्याकडे सरकतो. वेष्टनावरील ओलावा-सूचकासाठी हाच दोष गुण ठरतो.

रंगद्रव्यच नसल्याने हे रंग उन्हाने रासायनिकरीत्या विटत नाहीत. ॲल्युमिनियमचा पुनर्वापर करताना शाई वेगळी काढण्याचा प्रश्नही उरत नाही. पाहण्याचा कोन बदलला की अनेकदा छटा पालटते. नोटांच्या व ओळखपत्रांच्या सुरक्षाखुणांना हे सोयीचे, छायाचित्रांना मात्र गैरसोयीचे.