बाहिया ब्लांकाच्या पेठेतला मनू

कोल्हापुरात संध्याकाळी कुठल्याही कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाशेजारी थोडा वेळ उभं राहिलं की एक चाल हमखास बघायला मिळते. पोरगं चेंडू घेऊन रिंगकडे घुसतं, पहिलं पाऊल उजवीकडे टाकतं, अडवणारा तिकडे कलला की दुसरं पाऊल डावीकडे, आणि चेंडू बोर्डाला लावून आत. पोरं तिला युरोस्टेप म्हणतात. लिथुआनियाचा मार्चुलिओनिस एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, ती आधी खेळला होता, पण जगभरच्या पोरांच्या पायांत ती उतरवली अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीने. त्याची चार एनबीए विजेतेपदं आणि ऑलिम्पिक सुवर्ण बऱ्याच जणांना पाठ असतं. तो घडला कसा, हे मात्र पेठेत वाढलेल्या माणसाला लवकर उमगेल.

बाहिया ब्लांका हे ब्युनोस आयर्सपासून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास असलेलं बंदराचं शहर, वस्ती तीनेक लाखांची. देश फुटबॉलवेडा, पण हे गाव बास्केटबॉलचं. तिथे वस्तीवस्तीला स्वतःचा क्लब. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या फुटबॉल क्लबांचा सामना असला की कोल्हापुरातली पेठच्या पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. तीच ईर्षा तिथे एस्तुदियान्तेस आणि ओलिंपो या क्लबांत. मनूचा क्लब त्यांच्यापेक्षा छोटा, बाहियेन्से देल नोर्ते. वडील होर्हे तिथेच प्रशिक्षक, पुढे क्लबचे अध्यक्ष. दोन्ही थोरले भाऊ खेळाडू. वस्तादाच्या घरातलं शेंडेफळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, तेच.

त्याला घोर होता उंचीचा. स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ लावून तो उभा राहायचा आणि डोक्याच्या वर खूण करून घ्यायचा. खुणा काही वर सरकत नव्हत्या. तो वाढला उशिरा, आणि वाढला तो थेट साडेसहा फुटांपर्यंत. माझं मत असं, की ती बुटकेपणाची वर्षंच त्याला फळली. उंच पोरांच्या गर्दीतून वाट काढायची सवय तेव्हाच अंगात मुरली असणार.

या घडणीमागे देशाची एक जुनी जखमही आहे. 1950 साली पहिली जागतिक स्पर्धा ब्युनोस आयर्समध्ये झाली आणि अर्जेंटिनाने अमेरिकेला 64-50 ने हरवून ती जिंकली. 1955 मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांची सत्ता उलथवली. दोन वर्षांनी त्या सुवर्णपिढीतल्या खेळाडूंवर हौशी खेळाचे नियम मोडल्याचा ठपका ठेवून आजन्म बंदी घातली गेली. गुन्हा काय, तर पेरॉन सरकारने बक्षीस म्हणून त्यांना मोटारी आयात करायचे परवाने दिले होते. ऐन उमेदीतली माणसं एका फर्मानाने घरी बसवली. वाचताना आजही संताप येतो. देशाचं बास्केटबॉल त्यानंतर कित्येक वर्षं सावरलं नाही.

बाहिया ब्लांकाने मात्र खेळ सोडला नाही. 1971 मध्ये या एका शहराच्या निवड संघाने तेव्हाच्या विश्वविजेत्या युगोस्लाव्हियाला 78-75 ने हरवलं. त्या संघातल्या आल्बेर्तो काब्रेराचं नाव तिथे आजही आदराने घेतात.

तरीही पैसा आणि नाव राजधानीतच होतं. ते मोडून काढलं लिओन नाहनुदेल या प्रशिक्षकाने. त्याच्या हट्टातून 1985 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि लहान गावांचे क्लब राजधानीच्या बरोबरीने खेळू लागले. गुणी पोराला गाव सोडून राजधानी गाठायची सक्ती उरली नाही. मनूच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं ऋण मला हे वाटतं. नाहनुदेल 1998 मध्ये गेला. या लीगमधून आलेल्या पोरांचं सुवर्ण त्याला बघायला मिळालं नाही.

1995 मध्ये अठराव्या वर्षी मनू आन्दिनो क्लबकडून खेळायला ला रियोहाला गेला. वर्षभरात परत येऊन गावच्याच एस्तुदियान्तेसकडून दोन हंगाम खेळला. 1998 मध्ये इटलीत रेज्जो कालाब्रियाला, तेही दुसऱ्या श्रेणीत. 1999 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, 58 पैकी 57 व्या क्रमांकावर सॅन अँटोनिओ स्पर्सने त्याचं नाव घेतलं, पण तो लगेच गेला नाही. इटलीतच बोलोन्यात प्रशिक्षक एत्तोरे मेस्सिना यांच्या हाताखाली आला आणि 2001 मध्ये इटलीची लीग, इटलीचा कप आणि युरोपातल्या क्लबांची युरोलीग एकाच हंगामात जिंकून बसला. मगच, 2002 मध्ये, अमेरिका. तिथे 16 हंगाम, 1,057 साखळी सामने आणि 2003, 2005, 2007, 2014 ही विजेतेपदं. यातला बराच काळ तो बाकावरून उठून खेळला. इतक्या मोठ्या खेळाडूने सुरुवातीच्या पाचांत नसणं मनाला लावून न घेणं, ही सोपी गोष्ट नाही.

देशासाठी तर त्याने शरीराची पर्वा केली नाही. 2002 च्या जागतिक स्पर्धेत अर्जेंटिनाने अमेरिकेला 87-80 ने हरवलं. एनबीए खेळाडूंच्या अमेरिकी संघाचा तो पहिला पराभव. अंतिम सामना मात्र जादा वेळेत युगोस्लाव्हियाने नेला. मनूचा घोटा उपांत्य फेरीतच दुखावला होता. 2008 मध्ये बीजिंगला तो दुखऱ्या घोट्यानेच उतरला, पुन्हा जायबंदी झाला, संघाला कांस्य मिळालं आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. स्पर्सला ते रुचणारं नव्हतं. 2016 मध्ये रिओत, 39 व्या वर्षी, त्याने देशाचा शर्ट उतरवला.

पण सांगायचा प्रसंग 2004 च्या अथेन्सचा. संघ पुढे उपांत्य फेरीत अमेरिकेला हरवून सुवर्ण घेऊन आला, हे झालंच. त्याआधी पहिलाच सामना सर्बिया-मॉन्टेनेग्रोशी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी युगोस्लाव्हिया या नावाने अंतिम फेरीत हरवून गेलेल्यांशी, होता. अर्जेंटिना एका गुणाने मागे, घड्याळात चार सेकंदसुद्धा नाहीत. आलेहान्द्रो मोन्तेक्किया चेंडू घेऊन सुसाट पुढे धावला, उजवीकडून येणाऱ्या मनूकडे चेंडू दिला, आणि मनूने तोल जात असताना, पडता पडता तो फेकला. 83-82. जमिनीवर आडव्या पडलेल्या मनूच्या अंगावर सगळा संघ कोसळला. चेंडू देणारा मोन्तेक्कियाही बाहिया ब्लांकाचाच.