टीव्हीवरचा 'माथेफिरू' आणि आमची आत्या

३१ जुलै २०२३ ची सकाळ. जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या गोळीबारात चार जण गेले आणि त्याला मीरा रोडजवळ पकडलं, म्हणजे आमच्या ठाणे जिल्ह्यातच. वर्तकनगरला आमच्या घरी टीव्ही चालू होता, आत्या खाली चटईवर बसून मोड आलेले वाल सोलत होती, आणि थोड्याच वेळात सुरू झालं की त्याची मनःस्थिती ठीक नव्हती, डोकं फिरलं वगैरे. आत्याला बावीस वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास-भ्रम होणारा मनाचा आजार. तिचा हात थांबला. म्हणाली, "अरे, हे माझ्यासारख्यांबद्दल बोलतायत का?"

त्या केसचं काय ते कोर्ट ठरवेल, पुढे त्यात धर्मावरून द्वेष पसरवल्याचं कलमही लागलं. पण गोळी सुटली की आधी 'माथेफिरू' हा शब्द येतो, आणि त्याची किंमत आत्यासारखी माणसं मोजतात. ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको, १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आपल्या गावात आहे आणि अख्ख्या मुंबईत "याला ठाण्याला पाठवा" ही शिवी झालीय. शाळेत मीही ती दिलीय, आज त्याचं खूप वाईट वाटतं.

आता संशोधन काय म्हणतं ते बघा. अमेरिकेत बंदुका घरोघरी, त्यामुळे अभ्यासही तिथेच जास्त झालाय. ड्यूक युनिव्हर्सिटीचे जेफ्री स्वॉन्सन यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय, त्यांचा हिशोब असा की उद्या सगळे गंभीर मानसिक आजार एकदम बरे झाले तरी तिथला हिंसाचार साधारण ४ टक्क्यांनीच कमी होईल, बाकीचा तसाच राहील. म्हणजे धोका शून्य आहे असं नाही हां. भ्रम-भास जोरात असताना उपचार नसतील तर तो थोडा वाढतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण १९९८ साली तिथलाच एक मोठा अभ्यास आला, मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या हजाराहून जास्त पेशंट्सचा वर्षभर मागोवा घेतला होता, त्यात दिसलं की ज्यांना दारू किंवा ड्रग्जचा त्रास नव्हता ते पिट्सबर्गमधल्या त्यांच्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक नव्हते. नशा आली की मात्र आकडा चढतो, आणि तो शेजाऱ्यांचाही चढतो. कोण पुढे हिंसा करेल याचा अंदाज आधीची मारहाण, बायकोला मारण्याचा इतिहास, दारू, यावरून जास्त नीट येतो, आजाराच्या नावावरून नाही.

मग मनाचा आणि बंदुकीचा संबंधच नाही का? आहे, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, खून त्याहून कमी, २०,९५८. म्हणजे मन खचलेल्या माणसाच्या हातातली बंदूक बहुतेक वेळा त्याच्या स्वतःकडेच वळलेली असते. आत्महत्येचा तो झटका बऱ्याचदा काही मिनिटांचा, फार तर काही तासांचा असतो, तेवढा वेळ निभावला तर बहुसंख्य लोक पुढे आयुष्य जगतात. पण बंदूक तेवढा वेळच देत नाही, तिने केलेल्या दहातल्या साधारण नऊ प्रयत्नांत माणूस जातो. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एवढंच केलं की वीकेंडला घरी जाताना सैनिकांनी रायफल सोबत न्यायची नाही, बास, आणि तरुण सैनिकांतल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. कोणाचं मन बदललं नव्हतं, फक्त घरात रायफल नव्हती! मला हे वाचून अंगावर काटा आला होता. आपल्याकडे शेतात तीच जागा कीटकनाशकाची आहे, आणि श्रीलंकेने सगळ्यात विषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केल्यावर तिथे आत्महत्यांचं प्रमाण वीस वर्षांत खूपच खाली आलं.

आपल्याकडे लायसन्सची बंदूक फार कमी घरांत असते, इलेक्शन आलं की तीही बऱ्याचदा पोलीस स्टेशनला जमा करावी लागते. ठाण्याच्या क्राइमच्या बातम्यांत सापडतो तो गावठी कट्टा, आणि त्याच्यामागे जमीन, पैसा, जुनं वैर. कट्टा विकणारा डॉक्टरचं सर्टिफिकेट मागत नाही. तरी चर्चा कट्टा कुठून आला यावर थोडी आणि डोकं कसं फिरलं यावरच जास्त होते.

याचा तोटा फार खरा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्यात लोक काय म्हणतील ही भीती मोठी असते, आमच्याच घरात आत्याला पहिल्यांदा डॉक्टरकडे न्यायला तीन वर्षं गेली कारण आजोबा म्हणायचे, एकदा नाव लागलं की लागलं. कोणाला खूपच अंधारून येत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

त्या सकाळी मी टीव्ही बंद केला आणि आत्याला म्हटलं, तुझ्याबद्दल नाही गं. तिने माझ्याकडे बघितलं, मग वालाचं पातेलं जवळ ओढलं आणि म्हणाली, "मग त्यांना सांग ना कोणीतरी."