खोकेच्या जागी केस

वयाच्या नवव्या वर्षी चिमणबागेच्या मैदानावर विटी लागली आणि डाव्या कानाच्या वर बोटभर खोक पडली. जखम भरली, पण तिथे केस काही आले नाहीत. रामबागेतले आमचे न्हावीकाका अजूनही तिथे कंगवा थांबवून म्हणतात, “हे वावर पडीकच राहिलं बघा.” आजीने सहा महिने माक्याचं तेल चोळलं होतं. ते का फळलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पडीक जमिनीत निदान बी तरी असू शकतं. व्रणात ते नसतं. केस उगवतो तो केशकूपातून, आणि हे कूप आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात. डोक्यावर ते साधारण 1 लाख असतात. जन्मानंतर माणसाचं शरीर नवे कूप सहसा घडवत नाही. खोल जखम झाली की कूप त्यातल्या मूलपेशींसकट नष्ट होतो आणि शरीर घाईघाईने कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचं ठिगळ लावतं. निरोगी त्वचेत हे धागे टोपलीसारखे विणलेले असतात, ठिगळात ते बहुतेक एकाच दिशेने दाटीवाटीने पडतात. तिथे ना घाम येतो, ना केस.

चाई पडते तेव्हा गोष्ट वेगळी असते. तिथे कूप जिवंत असतो, फक्त झोपलेला असतो. म्हणून केस परत येऊ शकतात. तेल असो की मिनॉक्सिडिलसारखं केस वाढवायचं औषध, कूपच नसेल तर ते जागं कोणाला करणार?

उंदरांनी मात्र 2007 साली सगळ्यांना चकित केलं. सेंटिमीटरहून मोठी जखम भरताना तिच्या मधोमध अगदी नवे केशकूप उगवले, केस मात्र पांढरे. माणसात हे अजून जमलेलं नाही.

तोवर मार्ग एकच, कूप दुसरीकडून आणून लावायचे. जपानचे शोजी ओकुदा यांनी 1939 सालीच भाजलेल्या, व्रण असलेल्या डोक्यांवर हे करून दाखवलं होतं. पुढे युद्ध लागलं आणि त्यांचं काम बाहेरच्या जगाला कळलंच नाही. आज केसरोपण म्हटलं की टकलाची जाहिरात आठवते, पण सुरुवात व्रणापासूनची आहे!

व्रणात रोपण अवघड असतं. ऊती कडक आणि रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे डॉक्टर आधी थोडेच कूप लावून काही महिने वाट पाहतात. व्रण लायकेन प्लॅनोपायलॅरिससारख्या, केशकूपच नष्ट करणाऱ्या आजाराचा असेल तर तो आधी पुरता शांत व्हावा लागतो, नाहीतर नवे कूपही त्याच्याच तोंडी जातात.

मला सर्वात आवडलेली गोष्ट जानेवारी 2023 मधली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी तिघांच्या डोक्यावरच्या जुन्या व्रणांत केशकूप लावले आणि 2, 4 व 6 महिन्यांनी नमुने तपासले. केस उगवलेच, पण व्रणही बदलला: वरचा थर सहा महिन्यांत जवळपास दुप्पट जाड झाला, रक्तवाहिन्या वाढल्या, कोलॅजनची दाटी ओसरली. माळव्यात सोयाबीन जसं मुळांतल्या गाठींनी जमिनीला नत्र देतं, तसं रोपानेच वावर सुधारलं म्हणायचं. तिघंच होते, हे खरं. तरी ही बाजू तपासण्यासारखी आहे, कारण हृदयावर किंवा यकृतावर पडणारे व्रणही अशाच धाग्यांचे असतात.

न्हावीकाकांना हे सांगितलं तर त्यांनी आधी खर्च विचारला. बोटभर खोकेसाठी मी काही सुईखाली बसणार नाही. कानावरचे केस जरा लांब ठेवा, एवढंच म्हणालो.