किन्काकूजीची शाकारणी

जपानमधल्या क्योतो शहरातल्या किन्काकूजी मंदिरातला सोनेरी मंडप पाहताना नजर सोन्याच्या वर्खावर खिळते. मला मात्र त्याचे लाकडी छप्पर जास्त मोलाचे वाटते. २०२० च्या शरदात ते नव्याने शाकारले गेले, कारण अशी छपरे वीस ते तीस वर्षेच टिकतात.

हे छप्पर लाकडाच्या ढलप्यांचे असते. ढलपी जेमतेम ३ मिमी जाड आणि फूटभर लांब. वळचणीपासून आढ्याकडे ओळी रचत जातात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ३ सेंमीच वर सरकवतात. त्यामुळे छपरावर कुठेही बोट ठेवले तरी खाली आठ-दहा थर असतात, आणि ढलपी पातळ असल्याने छपराची कमानदार वळणेही सहज धरते.

या ढलप्या करवतीने कापत नाहीत, पाते घालून उभ्या फाडतात. झाडाच्या खोडात पाणी वाहणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. करवत त्यांना वाटेल तिथे छेदते आणि उघड्या तोंडांतून पाऊस आत शिरतो. फाडताना चीर नळ्यांच्या कडेकडेने जाते, त्या बहुतांशी शाबूत राहतात. शिवाय फाडलेला पृष्ठभाग किंचित खडबडीत असतो, म्हणून थरांमध्ये बारीक फटी राहून हवा खेळते. गुळगुळीत फळ्या एकमेकींना चिकटून बसल्या असत्या, तर केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत पाणी आपोआप ओढले जाते त्या गुणाने, आत आलेले पाणी तिथेच साचले असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर ती वाढत नाही. पावसात भिजलेले छप्पर किती लवकर सुकते, यावर त्याचे आयुष्य ठरते.

खिळेही बांबूचे, भाजून कोरडे केलेले. लोखंड गंजते आणि गंज भोवतालचे लाकूड खातो. बांबू मात्र लाकडाबरोबरच फुगतो, आकसतो. कारागीर मूठभर खिळे तोंडात धरतात, जिभेने एकेक पुढे आणतात आणि ठोकत जातात. हात भराभर चालतो.

अवघड आहे ते लाकूड मिळवणे. गाठ असली की चीर भरकटते, म्हणून सरळ रेषांचे, बिनगाठीचे जुने वृक्षच लागतात. २०२० मध्येच युनेस्कोने जपानची लाकडी वास्तू जपण्याची पारंपरिक कौशल्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्याच्या कितीतरी आधी, २००६ पासून, जपान सरकारने अशा दुरुस्त्यांना सामान पुरवणारी जंगले निश्चित करायला सुरुवात केली होती. मला ते पाऊल अधिक महत्त्वाचे वाटते. कारागीर काही वर्षांत तयार होतो. ढलप्यांजोगे झाड वाढायला कित्येक पिढ्या जातात.