माणूस बघून भाव सांगणारा तराजू

गुळाचा एक किलोचा रवा, म्हणजे छोटी ढेप, तराजूवर ठेवला. वजन बरोबर एक किलो. एकाच्या पावतीवर भाव आला ५४ रुपये, मागे उभ्या असलेल्या बाईंच्या पावतीवर त्याच रव्याचा भाव ६९ रुपये. दुकानदारानं दोघांनाही भाव सांगितलेला नाही. तराजूनं सांगितला, दोघांच्या खात्यात जमलेली माहिती चाळून.

असा तराजू बनवायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. सुटे भाग बहुतेक पाच-सहा हजारांत येतात, पत्र्याचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात होतं. तो विकायचा नसतो, चार माणसांसमोर ठेवायचा असतो. येऊ घातलेल्या काळातली एखादी वस्तू आजच खरी बनवायची, लोकांच्या हातात द्यायची आणि तो काळ हवा की नको यावर त्यांना भांडू द्यायचं, ही डिझाइनमधली एक रीतच आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये तेव्हा शिकवणाऱ्या अँथनी डन आणि फिओना रेबी यांनी १९९० च्या दशकापासून ती रुजवली. भाषणात ‘डेटाचा धोका’ ऐकून माणूस जांभई देतो. स्वतःच्या पावतीवर पंधरा रुपये जास्त दिसले की तोच माणूस पावती उलटसुलट करून बघतो.

कोल्हापुरात यासाठी गुळासारखा दुसरा माल नाही. राजर्षी शाहूंनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि आजही मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा भाव चारचौघांत, सगळ्यांच्या कानावर पडेल असा ठरतो. कुणाला किती मिळाला हे शेजारच्याला कळतं. भाव गुपचूप आणि माणसागणिक ठरायला लागला तर नेमकं काय हरवतं, हे म्हणून इथल्या माणसाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

कल्पना फार लांबचीही नाही. एकाच प्रवासाला आयफोनवर एक भाडं आणि अँड्रॉइडवर दुसरं दिसतं अशा तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जानेवारी २०२५ मध्ये दोन मोठ्या टॅक्सी कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. कंपन्यांनी आरोप नाकारला. न्यूयॉर्क राज्यात तर २०२५ पासून कायदाच आहे: ग्राहकाची वैयक्तिक माहिती वापरून संगणकानं भाव ठरवला असेल, तर तसं भावाशेजारी लिहावं लागतं. लिहिलं की झालं, भाव मात्र तसाच राहतो. आपल्या तराजूची पावती नेमकी याच फटीतून बाहेर काढायची आहे.

आधी वजन. भावावर शंका यायला हवी असेल, तर वजनावर कणभरही शंका येता कामा नये. वजनात २० ग्रॅमचा फरक पडला की लोक म्हणणार ‘काटा मारलाय’, आणि सगळी चर्चा तिथंच संपणार. १० किलोचा, दांडीच्या आकाराचा लोडसेल, म्हणजे वजनाचा दाब विजेच्या इशाऱ्यात बदलणारा भाग, घ्यावा. त्यात चार ताणमापक पट्ट्या व्हीटस्टन पुलाच्या, म्हणजे चार रोधांच्या चौकोनी, जोडणीत असतात. दांडी किंचित वाकली की त्यांचा रोध बदलतो. हा बदल अगदी बारीक असतो. पुरवठ्याच्या दर व्होल्टमागे १ ते २ मिलिव्होल्ट, म्हणजे ३.३ व्होल्टवर चालवलं तर पूर्ण १० किलोला जेमतेम ३ ते ७ मिलिव्होल्ट. तो वाचायला एचएक्स७११ ही २४ बिटांची चिप लागते. ती ३.३ व्होल्टवरच चालवावी, म्हणजे तिचा डेटा ईएसपी३२ या नियंत्रक बोर्डाला थेट देता येतो. लोडसेलच्या लाल आणि काळ्या तारा पुरवठ्याच्या, हिरवी आणि पांढरी संदेशाच्या. हिरवी-पांढरी उलट लागली तर वजन ठेवल्यावर आकडा उणे जातो. घाबरायचं कारण नाही, तारा अदलाबदल कराव्यात.

लोडसेलचं एक टोक तळाच्या पत्र्याला, दुसरं माल ठेवायच्या वरच्या पानाला. दोन्ही ठिकाणी बोल्टवर २ ते ३ मिलिमीटरचे वॉशर घालावेतच, नाहीतर मधली दांडी पत्र्याला टेकते आणि वजन कमी दाखवते. टोकावरच्या बाणाची दिशा खाली हवी. पान २०० गुणिले २०० मिलिमीटरपेक्षा मोठं नको. मोठ्या पानाच्या कोपऱ्यात माल ठेवला की आकडा बदलतो. पानाखाली चार कोपऱ्यांत चार बोल्ट उभे करून त्यांची डोकी आणि पान यांत साधारण १ मिलिमीटर फट ठेवावी. प्रदर्शनात लोक तराजूवर कोपर टेकतात, पोरं दोन्ही हातांनी दाबून बघतात. हे बोल्ट नसतील तर लोडसेल कायमचा वाकतो आणि रिकामा असतानाही शून्यावर परत येत नाही.

कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडा खऱ्या वजनाशी जुळवायला, पडताळणीचा शिक्का असलेलं एक किलोचं वजन वापरावं, दुधाची पिशवी नव्हे. रिकाम्या पानाचं वाचन घ्या, मग वजन ठेवून घ्या. दोहोंतला फरक भागिले १००० म्हणजे एका ग्रॅमचा गुणक. तेच वजन चारी कोपऱ्यांत ठेवून बघा. ५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर बोल्ट ढिला आहे किंवा कुठेतरी काहीतरी टेकलंय. चिप सेकंदाला दहा वाचनं देते. दहांची सरासरी घ्यावी आणि लागोपाठ तीन सरासऱ्या ५ ग्रॅमच्या आत आल्या तरच आकडा पक्का धरावा.

ग्राहकाची ओळख पटवायला खरे फोन नंबर, खरे चेहरे अजिबात घ्यायचे नाहीत. डेटाच्या भीतीवर बोलणाऱ्या वस्तूनं स्वतःच डेटा गोळा करायचा, हा निव्वळ दुटप्पीपणा झाला. त्याऐवजी चिपवाली बारा कार्डं करावीत, प्रत्येकावर एक काल्पनिक माणूस: शिरोळचा ऊसवाला, शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करणारा मोल्डर, तालमीतला पोरगा, निवृत्त बाई, वसतिगृहातली विद्यार्थिनी वगैरे. कार्ड उचलायचं, तराजूला लावायचं. कार्डातली चिप दुरून वाचायला आरसी५२२ हे १३.५६ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल पुरतं. ते ३.३ व्होल्टचं आहे. ५ व्होल्ट दिले तर जातं. अंतर दोन-तीन सेंटिमीटरच. आणि इथंच पहिला घोळ होतो: पेटी पत्र्याची केली की दिसते झकास, पण पत्र्यामागचं मॉड्यूल कार्ड वाचतच नाही, कारण धातूत त्याचं चुंबकीय क्षेत्र विरतं. पेटीला ८० गुणिले ८० मिलिमीटरची खिडकी कापून तिथं लाकडाची किंवा अॅक्रिलिकची पट्टी बसवावी आणि मॉड्यूल पत्र्याच्या कडेपासून शक्य तेवढं आत ठेवावं.

आता भावाचे नियम. मूळ भाव समजा किलोला ६० रुपये. नियम सहाच ठेवावेत. गेल्या तीन महिन्यांत चार दुकानांत भाव विचारत फिरलेल्या माणसाला ६ रुपये कमी, कारण तो निसटू शकतो. वर्षभर एकाच दुकानात येणाऱ्याला ५ जास्त, कारण तो जाणार नाही हे ठाऊक आहे. फोनची बॅटरी २० टक्क्यांच्या खाली, ३ जास्त. पत्ता पूररेषेत, ३ जास्त. पगाराचा आठवडा, २ जास्त. आणि ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही त्याला ९ जास्त. वाढीला ९ ची मर्यादा. कमाल-किमान यापेक्षा ताणू नये: भाव दुप्पट केला की लोक हसतात आणि वस्तू विनोदी होऊन बसते, दोन रुपयांचा फरक ठेवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

बारा कार्डांत चौघांना ५४ चा भाव द्यावा, दोघांना ६०, तिघांना ६९ आणि उरलेल्यांना ६८, ६७ व ६६. बेरीज ७४४, सरासरी ६२. स्वस्त मिळालेले चौघं यंत्राचं कौतुक करणार, ‘बरं आहे की हे!’ म्हणणार, आणि ते म्हणायलाच हवेत. सगळ्यांनाच महाग पडलं असतं तर हे यंत्र एका दिवसात बंद पडलं असतं. चौघांना खूश ठेवून बाराजणांकडून किलोमागे सरासरी दोन रुपये जास्त काढणारं यंत्र मात्र टिकतं. कोरं कार्ड, म्हणजे जिच्याकडे फोनच नाही ती आजी, सगळ्यांत जास्त भाव भरते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मोकळेपणानं दिलेली असावी असं सांगतो. माहिती न देण्याची किंमत किलोला नऊ रुपये पडत असेल तर ती संमती कितपत मोकळी राहिली, हा प्रश्न या एका कार्डावर येतो. बाकीची अकरा कार्डं चुकली तरी चालतील, हे चुकता कामा नये.

पावती हाच या वस्तूचा चेहरा. ५८ मिलिमीटर कागदाचा थर्मल प्रिंटर घ्यावा. स्वस्त प्रिंटरात देवनागरी अक्षरं नसतात, आणि असली तरी जोडाक्षरं व काना-वेलांट्या नीट जुळत नाहीत. ‘किंमत’ छापायला जावं तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. उपाय एकच: ओळी चित्र म्हणून छापायच्या. छपाईची रुंदी ३८४ ठिपके, म्हणजे एका आडव्या रेघेला ४८ बाइट. अक्षरांची ओळ ४० ठिपके उंच धरली तर १९२० बाइट. दहा ओळींची पावती झाली १९,२०० बाइटची, आणि ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या, वेगानं सेकंदाला साधारण ९६० बाइटच जातात. पावतीला वीस सेकंद! प्रिंटर जास्त वेग घेत असेल तर वाढवावा. नाहीतर पावती सहा ओळींत आटपावी. ० ते ९ हे आकडे २४ गुणिले ४० ठिपक्यांची वेगळी चित्रं करून ठेवले तर दहांना मिळून १२०० बाइट लागतात आणि कोणतीही रक्कम जुळवता येते.

प्रिंटरची भूक मोठी असते, छापताना दीड-दोन अँपिअर. त्याला बोर्डाच्या पिनेवरून वीज दिली की बोर्ड मध्येच रीसेट होतो, पावती अर्धी येते आणि पुढं कचरा छापला जातो. वेगळा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा पुरवठा, जवळ वीज क्षणभर साठवून धरणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दोन्हींचा ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची तार, एकत्र. प्रिंटरच्या तारा लोडसेलच्या तारांपासून लांब, पेटीच्या दुसऱ्या बाजूनं न्याव्यात. पावतीवर ठसठशीत काळी पट्टी देण्याचा मोह टाळा. जितकं काळं जास्त तितका प्रवाह जास्त. वजन-भावाच्या लाल आकड्यांसाठी मॅक्स७२१९ चं मॉड्यूल लावलं आणि आकडे लुकलुकले, तर कारण हे की त्याला किमान ३.५ व्होल्टचा इशारा लागतो आणि बोर्ड ३.३ देतो. मध्ये इशाऱ्याचे व्होल्ट वाढवणारा लेव्हल शिफ्टर घालावा.

मजकूर सौजन्याचा ठेवावा. धमकावणारी पावती कुणी खरी मानत नाही. उदाहरणार्थ: ‘गूळ ०.७५० कि.ग्रॅ. आजचा खास आपला भाव ६६ रु. देय ४९.५० रु. पुन्हा या.’ शेजारी एक बटण, ‘भाव असा का?’ ते दाबलं की दुसरी पावती: ‘घाईचा ग्राहक +३. उर्वरित +३ चे कारण व्यापारी गुपित.’ अर्धंच कारण द्यायचं. अजिबात न देणारं यंत्र जुलमी वाटतं आणि विषय तिथंच तुटतो. अर्धं कारण मिळालेला माणूस उरलेलं अर्धं शोधायला शेजारच्याची पावती मागतो. दोन पावत्या शेजारी-शेजारी धरल्या गेल्या की वस्तूचं काम झालं.

बोर्डाचं वायफाय आणि ब्लूटूथ बंदच ठेवावं. एक कारण वर सांगितलंच: या वस्तूनं डेटा गोळा करायचा नाही. दुसरं तांत्रिक आहे: एचएक्स७११ वाचताना तिची क्लॉक पिन, म्हणजे वाचनाचा ताल देणारी पिन, ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ वरच्या पातळीवर राहिली तर चिप झोपी जाते, आणि उठल्यावर वाचन स्थिर व्हायला ४०० मिलिसेकंद घेते. रेडिओची कामं मध्येच घुसली की हे घडतं आणि वजन उड्या मारतं. पेटीत कुठलाही संपर्क नाही, काहीही साठवलं जात नाही, माणसं काल्पनिक आहेत, हे प्रत्येकाला जाताना सांगावं. आधी सांगितलं तर पावती नुसता कागद होतो. सांगितलंच नाही तर ती फसवणूक होते.

गणेशोत्सवातल्या तांत्रिक देखाव्यांची कोल्हापूरला सवय आहे, पण हा देखावा नव्हे. दोरीपलीकडून बघितला तर तो साधा काटा दिसतो. टेबल ७५० मिलिमीटर उंच, दोन्ही बाजूंनी जाता येईल असं, आणि एका वेळी दोघांना कार्डं लावता येतील एवढी जागा हवी. गूळ खराच ठेवावा. पावसाळ्यात तो हवेतलं पाणी ओढतो, पाझरतो, मुंग्या फटीतून पेटीत शिरतात. रवा बटर पेपरात गुंडाळावा, दर दोन तासांनी पान पुसावं आणि रिकाम्या पानाचं शून्य पुन्हा घ्यावं.

या तराजूवर पैसे घेऊन एक ग्रॅमही विकू नये. व्यापारातल्या काट्याला २००९ च्या वैध मापन कायद्याप्रमाणे पडताळणी आणि शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी. गंमत अशी की निरीक्षकानं हा तराजू तपासला तर तो वजन तपासेल, आणि वजन बरोबरच निघेल.

एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना पान काढून वेगळं गुंडाळावं, कारण रिक्षाच्या धक्क्यांनी लोडसेलवर उलटसुलट झटके बसतात. नव्या जागी पोचल्यावर बोल्ट आवळून, दहा मिनिटं चालू ठेवून, शिक्क्याच्या वजनानं पुन्हा कॅलिब्रेशन करावं आणि मगच कार्डं मांडावीत.